थांब, पुढं अजून एक ट्रॉली आहे!

दिवाळीची सुट्टी संपते, कॉलेज पुन्हा सुरू होतं आणि त्याच सुमाराला आमच्याकडच्या रस्त्यांचा आवाज बदलतो. आधी लांबून गाण्याचा धडधडाट ऐकू येतो. मग ट्रॅक्टरचं इंजिन. आणि ट्रॅक्टर, गाणं सगळं पुढं निघून गेल्यावरही चालूच राहणारा लोखंडाचा खडखडाट. तो आवाज हुकातल्या पिनांचा. पिन आणि भोक यांच्यात जी थोडी मोकळी जागा असते, ती दर खड्ड्याला वाजते. या मोकळ्या जागेकडं आपण नंतर परत येऊ.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे जिल्ह्यातला बारामती-इंदापूरचा पट्टा, तिकडं अहिल्यानगरचा प्रवराकाठ. साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या पोरापोरींना डबल ट्रॉली म्हणजे काय हे सांगायला नको. नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिलपर्यंत, एक ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं उसानं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ही आपल्या रस्त्यावरची रोजची गाडी. तिच्यामागं अडकलो की आपण वैतागतो, हॉर्न वाजवतो आणि फट दिसली की बाइक घालतो. पहिल्या लेक्चरला उशीर झालेला असतो, सरांचा अटेंडन्सचा आग्रह आपल्याला माहीत असतो, आणि समोर ताशी वीस किलोमीटरनं डुलत चाललेली उसाची भिंत.

भिंत म्हणायचं कारण म्हणजे तिच्या पलीकडचं काही दिसतच नाही. मागून येणाऱ्याला एकच ट्रॉली दिसते. बाइक उजवीकडं घेतली, ट्रॉली संपत आली, आता आत घेऊ म्हणेपर्यंत पुढं दुसरी भिंत. आणि नेमकी त्याच वेळी समोरून एसटी. माझ्या ओळखीतल्या बाइकवाल्या प्रत्येकाकडं असा एक किस्सा आहे. तो हसत सांगितला जातो, कारण सांगणारा वाचलेला असतो.

याचं गणित अगदी अकरावीचं आहे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून ही आगगाडी साधारण १५ मीटर लांब धरू. मागं-पुढं दहा-दहा मीटर अंतर ठेवलं, तर तिला ओलांडायला तुम्हाला तिच्यापेक्षा ३५ मीटर जास्त जावं लागतं. ती ताशी २० नं चालली आहे, तुम्ही ४५ नं. फरक २५ चा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. झाले पाच सेकंद. एवढ्या वेळात तुम्ही ६० मीटरच्या वर पुढं गेलेले असता आणि समोरून ताशी ६० नं येणारी गाडी ८० मीटरच्या वर तुमच्याकडं आलेली असते. म्हणजे जवळपास दीडशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. हाच हिशोब एका ट्रॉलीसाठी केला तर सव्वाशेच्या खाली येतो. एकच ट्रॉली आहे असं समजून जो निघतो, त्याचा अंदाज पंचवीस-तीस मीटरनं चुकतो. एसटी तेवढ्यातच असते.

मग दोन ट्रॉल्या जोडतातच कशाला? सरळ एक जोडावी, हळू जावं, विषय संपला. असं मलाही वाटायचं. पण ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. एका खेपेला डिझेल लागतं, ड्रायव्हरचा दिवस लागतो, आणि सगळ्यात जास्त काय लागत असेल तर वेळ. फडात भरायला वेळ, कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला वेळ, काट्यावर वजन, गव्हाणीत खाली करायला वेळ. एकदा नंबर लावून दोन ट्रॉल्या रिकाम्या होत असतील तर एकच घेऊन कोण जाईल? त्यात ट्रॅक्टरवर कर्ज असतं, तोडणीच्या टोळीला हंगामाआधी उचल दिलेली असते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि वसूल सगळं त्यातच करायचं.

शिवाय ऊस थांबत नाही. तोडल्या क्षणापासून तो सुकायला लागतो, वजन घटतं, साखर उतारा घटतो. शेतकऱ्याला वजनाचे पैसे, कारखान्याला उताऱ्याची काळजी, त्यामुळं सगळ्यांनाच तो लवकरात लवकर गाळपाला जायला हवा असतो. म्हणून रात्रीही वाहतूक चालते. आणि स्टिअरिंगवर कोण असतो? पुष्कळदा आपल्याच वयाचा पोरगा. दहावी-बारावीपर्यंत आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा. यार्डात नंबर लागेपर्यंत ट्रॉलीखाली पटकूर टाकून झोपलेला आणि नंबर आला की उठून पुन्हा गाडीवर बसलेला. तो मोठ्यानं गाणी लावतो त्याला आपण शायनिंग म्हणतो. शायनिंग असेलही, पण रात्री दोन वाजता झोप लागू नये म्हणूनही ती लावलेली असतात.

ट्रॅक्टरच्या बाजूनं बघितलं तर ओढणं ही अडचणच नाही. साधारण ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घ्या. त्याचं स्वतःचं वजन अडीच टन धरू. मागं पंधरा-वीस टन ऊस आणि दोन ट्रॉल्यांचं लोखंड. सगळं मिळून २५ टन. म्हणजे तो स्वतःच्या नऊपट ओझं ओढतोय. ऐकायला अचाट वाटतं, पण चाकांवरचं ओझं सपाट डांबरी रस्त्यावर चालतं ठेवायला त्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के जोर पुरतो. २५ टनांना अर्धा-पाऊण टन. ट्रॅक्टर तो आरामात देतो. चढाला पुढची चाकं उचलायला लागतात, मग दुसरा ट्रॅक्टर जोडतात किंवा एक ट्रॉली सोडून एकेक वर नेतात. पुढची चाकं हवेत असलेले रील तुम्ही पाहिले असतील. लाइक मारताना एवढं लक्षात घ्या की ट्रॅक्टर वळतो तो याच चाकांवर. ती हवेत आहेत म्हणजे त्या वेळी स्टिअरिंग नुसतं शोभेला आहे.

खरी गोष्ट थांबवण्याची आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला ब्रेक बसवता येतात, काहींना असतातही. पण रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच ट्रॉल्यांना चाकं, साटा आणि दांडी यापलीकडं काही नसतं. म्हणजे २५ टन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांचं. त्या टायरांवर दीड टन भार धरला आणि कोरड्या डांबरावरची पकड ०.६ धरली, तर ब्रेकचा जोर जास्तीत जास्त ०.९ टन. चाकांचा आपला स्वतःचा विरोध अर्धा टन. एकूण १.४ टन. ताशी २५ च्या वेगानं चाललेली डबल ट्रॉली या जोरावर थांबायला सुमारे ४५ मीटर घेते. त्याच वेगातली चांगल्या ब्रेकची कार चार-पाच मीटरमध्ये थांबते. आणि हे ४५ मीटर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडल्यानंतरचे, तेही सपाटीवर.

आता उतार घ्या. वीस मीटरला एक मीटर, म्हणजे आपल्याकडच्या ओढ्यावरच्या पुलाकडं उतरणारा कुठलाही रस्ता. उतारावर ओझं स्वतःच पुढं रेटतं. किती? २५ टनांचा विसावा भाग, सव्वा टन. आपल्याकडं थांबवायला होते १.४ टन. उरले दीडशे किलो. २५ टन थांबवायला दीडशे किलोचा जोर! अंतर काढलं तर ते चारशे मीटरच्या वर जातं. रस्त्यावर उसाचा पाला सांडलेला असेल किंवा दव पडलेलं असेल तर पकड कमी होते, मग थांबण्याचा प्रश्नच नाही, उलट वेग वाढतो. हा हिशोब मी वहीत दोनदा करून बघितला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.

म्हणून जुने ड्रायव्हर उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर कमी करतात. वेग मुळात वाढूच द्यायचा नाही, एवढाच उपाय त्यांच्या हातात असतो. आणि नवशिका पोरगा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतो. आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. शेतात एका चाकाला ब्रेक मारून जागेवर वळता यावं म्हणून ती सोय. रस्त्यावर येताना ते दोन्ही पेडल एका पट्टीनं अडकवून एकत्र करायचे असतात. पट्टी उघडी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागच्या ट्रॉल्या सरळच येत राहतात. पुढचं सांगत नाही.

आता त्या पिनेतल्या मोकळ्या जागेकडं येऊ. लहानपणी आपण सगळे साखळी खेळलोय. हातात हात धरून ओळीनं पळायचं. सगळ्यात पुढचा जरासा वळला की मधल्यांना थोडा झटका बसतो आणि शेवटचं पोरगं पार फेकलं जातं. डबल ट्रॉलीचं तंतोतंत तसंच आहे. खड्डा चुकवायला ड्रायव्हरनं स्टिअरिंग वीतभर फिरवलं, तर पहिली ट्रॉली थोडी जास्त सरकते, दुसरी तिच्याहून जास्त. दोन ठिकाणी हूक, आणि चारचाकी ट्रॉलीत पुढची चाकंही दांडीबरोबर फिरणारी, म्हणजे हलायला जागा आणखी वाढल्या. प्रत्येक जागेतला ढिलेपणा शेवटच्या ट्रॉलीत जमा होतो. वेग जितका जास्त तितकं ते शेपूट जास्त हलतं. रिकाम्या ट्रॉल्या तर आणखी वाईट. कारखान्यातून परत येताना ओझं नसतं, वेग वाढलेला असतो, ट्रॉली खड्ड्यात उडते आणि उडताना बाजूला सरकते. आपण मात्र रिकामी बघून निर्धास्तपणे शेजारून जातो.

वळणावर उलटं होतं. वळताना पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीपेक्षा आतून जाते आणि दुसरी तिच्याही आतून. ट्रॅक्टर तुमच्यापासून चांगला लांबून वळला, म्हणून तुम्ही कोपऱ्यावर निवांत उभे राहता. दुसरी ट्रॉली तो कोपरा खात येते. तिठ्यावर, स्टँडच्या बाहेर, कॉलेजच्या गेटसमोर जिथं डबल ट्रॉली वळते तिथं वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही, बाइकही लावायची नाही. ड्रायव्हरला मागची ट्रॉली दिसत नाही. आरशात बघितलं तरी त्याला दिसतो ऊसच.

आणि ऊस ओढायचं काय? आपल्या भागात चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढला नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. एकेकाळी ऊसगाड्या बैलांच्या होत्या. बैलगाडीमागं पळून कांडं ओढलं तर फार तर गाडीवान आसूड उगारायचा. ती सवय आपण तशीच ट्रॉलीपर्यंत आणली. एका ट्रॉलीच्या मागून ओढताना पाय घसरला तर माणूस रस्त्यावर पडतो, गुडघे फुटतात, ट्रॉली पुढं निघून जाते. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत घसरला तर मागून दुसरी येतेय, दहा टनांची, आणि ती थांबवायला कुणालाही ४५ मीटर लागणार आहेत. सायकलवरनं ट्रॉलीला हात धरून जाणारी पोरं, मधल्या दांडीवर उभं राहून शाळेपर्यंत लिफ्ट घेणारी पोरं, सगळ्यांसाठी हाच हिशोब. घरी धाकटा भाऊ असेल तर त्याला हे गणित सोडवून दाखवा. ‘ओरडतील’ म्हणून तो ऐकणार नाही, आकड्यांनी कदाचित ऐकेल.

एका गाडीमागं दोन-दोन डबे ओढणारे आपण एकटे नाही. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात रोड ट्रेन चालतात. एका ट्रकमागं तीन-तीन ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. आपल्या डबल ट्रॉलीच्या तिप्पट-चौपट. पण त्यांच्या प्रत्येक ट्रेलरला स्वतःचे एअर ब्रेक असतात आणि ट्रेलर मधेच तुटला, हवेची नळी निघाली, तर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. अमेरिकेत ट्रकमागं दोन किंवा तीन ट्रेलर ओढायचे असतील तर नेहमीचं व्यावसायिक लायसन्स पुरत नाही, वेगळी परीक्षा देऊन त्यावर ‘टी’ असा जादा शेरा घ्यावा लागतो. त्या परीक्षेत शिकवला जाणारा एक नियम तर आपल्याकडं उद्यापासून फुकटात पाळता येईल. जड ट्रेलर पुढं, हलका मागं. साखळीतलं शेवटचं पोरगं दांडगं असेल तर सगळी ओळ तोच फिरवतो, त्यातलाच प्रकार. फडात भरताना मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा जास्त भरायची नाही, एवढंच. मोळ्या रचणाऱ्यांना आणि ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलं असतं का? आपल्याकडं ट्रॅक्टर चालवता येतो ना, मग दोन ट्रॉल्याही ओढता येतात, असं धरूनच चालतात. दोष मी त्या पोराला देणार नाही. त्याला गाडीवर बसवणाऱ्यांनी ब्रेकचे पैसे वाचवलेत आणि ते वाचवताना जोखीम त्याच्या आणि आपल्या खात्यावर टाकली आहे.

रात्रीचं मात्र आपणही काही करू शकतो. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्यापर्यंत वायर न्यायची तर ती दोन जोडांमधून जाते. कुठंतरी तुटते, हंगामभर तशीच राहते. त्यामुळं मागून येणाऱ्याला दिसण्यासारखं उरतं ते फक्त रिफ्लेक्टर. कारखाने, आरटीओ, पोलिस हंगामाच्या सुरुवातीला ते लावायच्या मोहिमा घेतात. आपल्या एनएसएसच्या पोरांनीही ठिकठिकाणी लावलेत. फोटो येतात, छान वाटतं. अडचण अशी की रिफ्लेक्टरची पट्टी बहुतेक वेळा ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर चिकटवतात आणि ऊस भरला की त्याचे शेंडे फाळक्याच्या बाहेर लोंबतात. पट्टी नेमकी त्याखाली झाकली जाते. यंदा तुमच्या युनिटनं मोहीम काढली तर रिकाम्या ट्रॉलीवर चिकटवून फोटो काढून घरी जाऊ नका. एक खाली चाकाजवळ चासीला लावा आणि एक मोठा, पाटीवर किंवा कापडावर शिवलेला, दोरीसकट ड्रायव्हरच्या हातात द्या. ऊस भरल्यावर तो शेवटच्या मोळीवर बांधायचा. पहिल्या ट्रॉलीच्या बाजूलाही लावा, म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्याला वेळेत कळेल की पुढं आणखी एक आहे. आणि धुळीनं आठवड्यात सगळं मातकट होतं, तेव्हा यार्डात परत एकदा जाऊन नुसता फडका मारून आलात तरी चालेल.

बाइकवर असाल तर एवढं करा. कमी बीममध्ये जेमतेम तीस-चाळीस मीटर दिसतं. ताशी ६० नं जाताना ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन बाइक थांबेपर्यंत ४५-५० मीटर जातात. म्हणजे उसाच्या रस्त्यावर रात्री ६० नं जाणारा माणूस, दिवा नसलेली उभी ट्रॉली दिसल्यावर थांबूच शकत नाही, कितीही भारी बाइक असो. चाळीसनं गेलं तर थांबू शकतो. समोरून दिवे आले आणि डोळे दिपले की ॲक्सिलरेटर सोडायचा, कारण उभी ट्रॉली हमखास त्या दिव्यांच्या अलीकडच्या अंधारात असते. ओव्हरटेक करायच्या आधी एखादं वळण येऊ द्यायचं. वळणावर अख्खी गाडी बाजूनं दिसते आणि ट्रॉल्या मोजता येतात.

आणि रस्त्याच्या मधोमध, पोरकी पडल्यासारखी, ताज्या मातीची दोन-तीन मोठी धोंडी दिसली तर समजायचं की इथं रात्री ट्रॉली पंक्चर झाली होती. चाकाला उटी म्हणून लावलेले दगड तसेच टाकून ती कारखान्याकडं निघून गेली. मागून येणाऱ्याला हेडलाइटमध्ये ते शेवटच्या क्षणी दिसतात. दिवसा दिसले, तर बाइक बाजूला लावायची, दोन मिनिटं घालवायची आणि दगड चरात ढकलून मग कॉलेजला जायचं.